हॉलमध्ये लिटर बॉक्स, पण कुणाच्या डोळ्यांवर न येणारा: नाशिकच्या नव्या मांजरपालकांसाठी

मांजर घरात येतं तेव्हा खाण्याची वाटी, खेळणी, झोपायची गादी हे सगळं हौसेनं आणलं जातं. गाडी अडते ती लिटर बॉक्सपाशी, म्हणजे मांजरानं शी-शू करायच्या, दाणेदार लिटर भरलेल्या ट्रेपाशी. इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याच्या टू बीएचकेमध्ये तो मोठा प्लास्टिकचा ट्रे ठेवायचा कुठे? हॉलमध्ये ठेवला तर आल्यागेल्याच्या नजरेत येतो. स्वयंपाकघरात तो कुणालाच नको असतो, देवघराच्या आसपास तर नाव काढायचं नाही, आणि बाथरूमची फरशी दिवसभर ओली. शेवटी ट्रे ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या फटीत सरकवला जातो आणि चार दिवसांत मांजर सोफ्यामागे शू करायला लागतं.

यावर चांगला तोडगा आहे. बाहेरून बाक, साइड टेबल किंवा टीव्ही युनिटचा कप्पा दिसावा आणि आत लिटर ट्रे असावा, असं फर्निचर तयार मिळतं आणि सुताराकडून करूनही घेता येतं. ते करताना एक गोष्ट मात्र पक्की धरा. ट्रे लपवायचा आहे पाहुण्यांपासून. मांजराला तो सहज सापडला पाहिजे आणि तुमचा हात दिवसातून दोनदा विनासायास त्यात पोचला पाहिजे. सुंदर दिसणारे कितीतरी लिटर बॉक्स याच ठिकाणी फसतात. उघडायला कटकट असली की साफसफाई एका दिवसावरून तीन दिवसांवर जाते, आणि मग वास कितीही महागड्या लाकडातून बाहेर येतोच.

आधी उघडा ट्रे, फर्निचर नंतर

मांजर नवीन असेल तर पहिले दोन-तीन आठवडे साधा, उघडा ट्रे ठेवा. पैसे खर्च करण्याआधी या काळात मांजराकडून बरंच काही कळून घ्यायचं असतं: त्याला कोणतं लिटर आवडतं, ते किती खणतं, शू करताना खाली बसतं की उभ्यानं मागच्या कडेवर धार सोडतं, पिल्लू असेल तर ते अजून लिटर तोंडात घालतंय का. उभ्यानं शू करणाऱ्या मांजराला मागची कड उंच असलेला ट्रे लागतो. हे फर्निचर आल्यावर कळलं तर सांध्यांमधून लघवी झिरपते आणि नवं युनिट महिन्याभरात फुगतं.

झाकलेला बॉक्स मांजरांना आवडत नाही असं सरसकट सांगितलं जातं. आत स्वच्छता असेल आणि जागा ऐसपैस असेल तर बहुतेक मांजरं बिनतक्रार आत जातात. पण काही मांजरांना चारी बाजूंनी बंद जागा खरोखरच नको असते, विशेषतः घरात दुसरं मांजर असेल आणि ते दारात दबा धरून बसत असेल तर. त्याची चाचणी फुकटात होते. पुठ्ठ्याचं मोठं खोकं घ्या, एका बाजूला भोक पाडा आणि उघड्या ट्रेवर पालथं घाला. मांजर आठवडाभर नीट आत-बाहेर करत असेल तरच सुताराला फोन करा.

मापं घ्या, आणि ती मांजराची घ्या

ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या निदान दीडपट हवी. आपल्याकडचं वयात आलेलं देशी मांजर साधारण १८ इंच भरतं, म्हणजे ट्रे २७ इंचांचा झाला. दुकानात मिळणारे बरेच ट्रे याहून लहान असतात. मांजर आत वळू शकत नाही, मग पुढचे पाय कडेवर ठेवून बसतं आणि अर्धं काम ट्रेबाहेर होतं. पर्शियन पाळलं असेल तर केसांमुळे त्याला आणखी मोकळीक लागते.

मोठा ट्रे मिळत नसेल तर पलंगाखाली कपडे ठेवायचे प्लास्टिकचे लांबट डबे येतात, ते उत्तम चालतात. एका अरुंद बाजूची कड चार-पाच इंचांपर्यंत कापून घासून घ्यायची. नाशिकमध्ये द्राक्षांचे आणि टोमॅटोचे क्रेट घरोघरी पडलेले असतात आणि त्यांच्यावर आधी नजर जाते, पण ते जाळीदार असल्यामुळे लिटर खाली गळतं.

जमत असेल तर मी स्टीलचा ट्रे करून घ्यायला सांगेन. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचं काम करणाऱ्यांना माप दिलं की ते कडा दुमडून हवा तसा ट्रे वाकवून देतात. प्लास्टिकवर नखांचे ओरखडे पडतात, त्यात घाण बसते, आणि वर्षभरात तो ट्रे धुतला तरी वास मारतो. स्टीलचं तसं होत नाही. फक्त कडा गोल मारून घ्या आणि स्टील गंजणारं नाही ना ते आधी विचारा.

मांजरं दोन असतील तर ट्रे तीन लागतात, म्हणजे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त. सगळे फर्निचरमध्ये लपवायची गरज नाही. एक हॉलमध्ये लपवलेला आणि बाकीचे आतल्या खोल्यांमध्ये उघडे, असं बऱ्याच घरांत चालतं. पण तिन्ही एका रांगेत ठेवले तर मांजराच्या लेखी ती एकच जागा असते.

जागा कुठली

शांत, पण कोंडीत नसलेली. मांजराला आत असताना बाहेरची चाहूल लागली पाहिजे आणि निसटायला वाट राहिली पाहिजे. खाण्यापिण्याच्या भांड्यांपासून लांब, शक्यतो वेगळ्या खोलीत. वॉशिंग मशीनशेजारची जागा सोयीची वाटते, पण कपडे पिळायच्या वेळी मशीन थरथरलं आणि मांजर नेमकं आत असलं तर ते पुन्हा तिथे पाऊल टाकेलच असं नाही.

फ्लॅटमध्ये मला सगळ्यात आवडतात त्या दोन जागा: हॉलमधून बेडरूमकडे जाणारा पॅसेज आणि हॉलच्या खिडकीखालचा बाक. रो-हाउस असेल तर जिन्याखालचा तिरका कोनाडा यासाठीच केलाय असं वाटावं इतका नेमका बसतो, फक्त तिथे हवा खेळेल अशी जाळी ठेवा. पंचवटी किंवा जुन्या नाशिकच्या वाड्यांमध्ये भिंतीतलं फडताळ असतं. त्याचा खालचा कप्पा मापात बसत असला तरी तीन बाजूंनी जाड भिंत असते, वारा अजिबात नसतो आणि पावसाळ्यात ओल धरते. तिथे फडताळाची दारं काढून खणाचा किंवा इरकली कापडाचा पडदा लावा. दिसायला दारांपेक्षा देखणा दिसतो आणि धुताही येतो.

पूर्ण उघडी बाल्कनी नको. एप्रिल-मेच्या दुपारी नाशिकमध्येही पारा चाळिशीला टेकतो आणि जुलैत पाऊस आडवा येतो. दोन्ही वेळा मांजर बाहेर जायचं टाळतं आणि घरातला कोपरा शोधतं.

तयार घ्यायचं की सुताराकडून करायचं

ऑनलाइन मिळणारी बरीचशी तयार युनिट्स एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांची असतात. फोटोत फार छान दिसतात. पण या बोर्डांच्या उघड्या कडांना पाणी किंवा लघवी लागली की त्या फुगतात आणि फुगलेला बोर्ड परत बसत नाही. घ्यायचंच असेल तर आतली मापं वाचा (बाहेरची नव्हे), आणि घरी आल्यावर आतल्या सगळ्या सांध्यांना आणि कडांना सिलिकॉन सीलंट भरूनच वापरायला काढा.

कुंडीच्या आकाराचे बॉक्सही मिळतात, वर झाड आणि पोटात ट्रे. आकार गोल असल्यामुळे आत ट्रेला जागा कमी पडते, त्यामुळे लहान चणीच्या मांजरासाठीच त्यांचा विचार करा. वर झाड कोणतं लावता हेही पाहा. लिली मांजराच्या मूत्रपिंडांसाठी जीवघेणी असते. तिची पानं, फुलं, परागच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा घातक. मनी प्लांट आणि स्नेक प्लांट चघळले तर तोंडाची आग, लाळ, उलट्या होतात. अरेका पाम आणि स्पायडर प्लांट निर्धास्त लावा.

माझा कल सुताराकडे आहे. आपल्या मांजराच्या मापाचं होतं, दुरुस्त करता येतं, आणि घरातल्या बाकीच्या सनमायकाशी रंग जुळवता येतो. बाकासारखं युनिट करायचं असेल तर त्याला असं सांगा:

आतली लांबी ३८ इंच, खोली २० इंच, उंची २० इंच. यात २७ इंचांचा ट्रे बसून ११ इंच उरतात, आणि हे ११ इंच फार कामाचे आहेत. दारातून आत आल्यावर मांजर आधी या मोकळ्या पट्ट्यात उतरतं, मग ट्रेमध्ये जातं. परत येताना पायाला चिकटलेले लिटरचे कण याच पट्ट्यात पडतात, हॉलभर पसरत नाहीत. इथे काथ्याची पायपुसणी किंवा जाळीची रबर मॅट अंथरा. पट्टा आणि ट्रे यांच्यामध्ये अर्धवट उंचीची फळी टाकली तर कण आणखी अडतात, पण मांजराला वळायला आठ-नऊ इंचांची वाट सोडा.

प्रवेशाचं भोक आठ इंच रुंद आणि दहा इंच उंच, खालची कड जमिनीपासून पाच इंचांवर. भोक बाजूच्या फळीत पाडलं तर समोरून युनिट अगदी साधा बाक दिसतो. कड पॉलिश पेपरनं इतकी घासून घ्यायची की बोट फिरवलं तर कुठे कुसळ लागू नये. मांजर आत जाताना आधी मिशांनी कड चाचपतं, मग पोट घासत जातं. एकदा टोचलं की दुसऱ्यांदा ते बाहेरूनच वास घेऊन फिरतं. भोकाला झडप लावू नका.

प्लाय १८ मिलिमीटरचा, आयएस ७१० शिक्का असलेला मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा घ्या. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये हे काम साधारण बसतं, पाठीची फळी वेगळ्या पातळ प्लायची. बाहेरून काय लावायचं ते लावा, पण आतून पांढरा सनमायकाच हवा, तळालाही आणि भिंतींनाही. पांढऱ्यावर ओघळ लगेच दिसतो आणि ओल्या फडक्यानं निघतो. सांधे आतून सिलिकॉननं बुजवायचे. सुतार "कशाला, आतलं कोण बघतंय" म्हणेल. तरी आग्रह सोडू नका, कारण लघवी नेमकी सांध्यातूनच प्लायमध्ये शिरते.

दारं समोर दोन, पूर्ण उघडणारी, मॅग्नेटवर बंद होणारी. कुलूप, कडी, वर उचलायचं जड झाकण यांपैकी काही नको. बाकाचं झाकण वर उघडणारं केलं तर त्यावर उशी येते, उशीवर वर्तमानपत्र येतं, आणि रोज सकाळी ते सगळं हलवायचा कंटाळा येतो. ट्रे चॅनलवर बसवलेल्या फळीवर ठेवला तर ड्रॉवरसारखा बाहेर ओढता येतो. लिटर भरलेला ट्रे चांगलाच जड होतो, त्यामुळे चॅनल दणकट घ्या.

हवेसाठी पाठीच्या फळीत वरच्या बाजूला एक इंची भोकांची रांग पाडा आणि युनिट भिंतीपासून तीन इंच पुढे ठेवा. दारांना वेताची जाळी लावायची फॅशन आहे. दिसतेही फार सुरेख, वाराही खेळतो, पण मांजर तिच्यावर नखं घासणार हे गृहीत धरा. तिच्याऐवजी लाकडी पट्ट्यांची दारं किंवा कटिंग केलेली नक्षीची जाळी जास्त टिकते.

लिटर कोणतं

बंद जागेसाठी बारीक दाण्याचं, बिनवासाचं, गोळा होणारं लिटर घ्या. बेंटोनाइट मातीचं लिटर सगळीकडे मिळतं. ओल लागली की त्याचा घट्ट गोळा होतो आणि तेवढाच उचलता येतो. बहुतेक मांजरांना हेच आवडतं, कारण पायाखाली ते वाळूसारखं लागतं. दोन-तीन इंचांचा थर द्या. धूळ जास्त उडणारी मात्र टाळा, झाकलेल्या जागेत ती मांजराच्या नाकातच जाते. टोफूचं (सोयाबीनपासून केलेलं) लिटर हलकं असतं आणि धूळ कमी करतं. पण पावसाळ्यात उघडं राहिलं तर दमट हवेत खराब होतं, म्हणून पिशवी घट्ट बांधून ठेवा. सिलिका जेल हवेतलाही दमटपणा शोषतं, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये लवकर बदलावं लागतं. लाकडी गोळ्यांना स्वतःचा छान वास असतो, पण काही मांजरांना त्या पायाला टोचतात.

दोन-अडीच महिन्यांच्या आतल्या पिल्लाला गोळा होणारं लिटर देऊ नका. ते खातं आणि पोटात गोळा होतो.

लॅव्हेंडर, लिंबू असले वास घातलेली लिटर बंद कपाटात तर नकोतच. आपल्याला मंद वाटणारा वास मांजराच्या नाकाला भपकारा असतो. त्याच कारणासाठी आत अगरबत्ती, अत्तराचे बोळे, कापूर, डांबरगोळ्या ठेवू नका. डांबरगोळ्या मांजरासाठी विषारीही आहेत. वास येतोच असं वाटत असेल तर लिटरखाली खाण्याच्या सोड्याचा पातळ थर द्या.

मांजराला नव्या जागेची सवय लावणं

युनिट घरी आलं की पॉलिश आणि फेव्हिकॉलचा वास जाईपर्यंत दारं उघडी ठेवून वाऱ्यावर राहू द्या. आपल्या नाकाला वास येईनासा झाला की आणखी दोन-तीन दिवस थांबा.

मग जुना ट्रे आहे त्याच लिटरसकट आत ठेवा आणि दोन्ही दारं सताड उघडी राहू द्या. चार-पाच दिवसांनी एक दार बंद करा. मांजर बाजूच्या भोकातून जायला लागलं की दुसरं. ट्रे आधी दुसऱ्या खोलीत असेल तर तो रोज हातभर सरकवत युनिटपर्यंत आणा. घाई झाली तर मांजर जुन्या जागीच फरशीवर बसतं. त्याला उचलून भोकातून आत ढकलायचा मोह होतो, तो आवरा. नव्या ट्रेमध्ये जुन्यातलं मूठभर वापरलेलं लिटर टाकलं की त्याला जागा ओळखू येते.

बाहेर कुठे शू झालीच तर तिथे एन्झाइम असलेलं क्लीनर वापरा. फिनाईल कधीच नाही. मांजराच्या यकृताला फिनॉलवर्गातली रसायनं नीट मोडता येत नाहीत, आणि पुसलेल्या फरशीवर चालून ते पंजे चाटतं. ब्लीचही टाळा. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग झाला की घातक वायू तयार होतो, आणि बंद कपाटात तर तो कोंडून राहतो.

रोजचं काम

सकाळ-संध्याकाळ स्कूपनं गोळे काढा. आठवड्या-दीड आठवड्यानं ट्रे रिकामा करून गरम पाणी आणि बिनवासाच्या साबणानं धुवा, उन्हात वाळवा, नवं लिटर भरा. त्याच वेळी युनिटचा तळ आणि सांधे पुसा. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. डोळ्यांना झोंबणारा वास येतो तो त्याचाच, त्यामुळे गोळे वेळेवर उचलले तर निम्मी लढाई तिथेच संपते.

काढलेलं लिटर कमोडमध्ये टाकू नका. बेंटोनाइट पाण्यात कित्येक पट फुगतं आणि सोसायटीची अख्खी लाइन तुंबवतं. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीची गाठ मारून ते घंटागाडीकडे द्या. ओल्या कचऱ्यात मिसळू नका, मातीचं लिटर कुजत नाही. मांजराची शी घरच्या कंपोस्टमध्ये, त्यातही भाज्यांच्या कुंड्यांसाठीच्या कंपोस्टमध्ये, अजिबात नको. तिच्यात टोक्सोप्लाझ्माचे, पोटातल्या बाळालाही धोका पोचवू शकणारे जंतू असू शकतात. ते संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणूनही रोजची सफाई महत्त्वाची. घरात कुणी गर्भवती असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं. दुसरं कुणीच नसेल तर हातमोजे घालून करा आणि नंतर हात साबणानं धुवा.

लपवलेल्या ट्रेचा एक खरा धोका

मांजर आत काय करतंय हे दिसत नाही. उघड्या ट्रेमध्ये मांजर तिसऱ्यांदा जाऊन नुसतंच बसलं तर घरातल्या कुणाच्या तरी लक्षात येतं. बाकाच्या पोटात ते कळत नाही. म्हणून गोळे काढताना रोज मोजायची सवय लावा. नेहमी तीन-चार निघत असतील आणि आज एकही नसेल, किंवा एकदम सुपारीएवढे बारीक सात-आठ निघाले, तर काहीतरी बिघडलं आहे. लालसर छटा, नेहमीपेक्षा खूप मोठे गोळे, पातळ शी, हेही तिथेच दिसतं.

बोक्यांमध्ये मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो खड्यांनी किंवा चिकट गाळानं बंद होऊ शकतो. बोका वारंवार आत-बाहेर करतोय, जोर लावतोय, ओरडतोय, मागचा भाग सतत चाटतोय आणि लिटर कोरडंच आहे, तर हे बद्धकोष्ठ असेल म्हणून घरी थांबू नका. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्याच तासाला पशुवैद्यांकडे न्या, रात्र असली तरी. त्यांचा नंबर आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर युनिटच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

मांजर म्हातारं झालं की

दहा-बारा वर्षांच्या मांजराचे सांधे दुखतात, आणि पाच इंचांची कडही त्याला जड जाते. ते दारापाशी घुटमळतं, मग बाहेर मॅटवरच बसतं. अशा वेळी सुताराला बोलावून भोक खालपर्यंत कापून घ्या, ट्रेची पुढची कड दोन इंचांवर आणा आणि समोरचं एक दार काढून तिथे पडदा लावा. प्लायचं युनिट असेल तर हे तासाभराचं काम आहे.